रेगर फसला, हर्ट्स लागला: हाऊई रोझमनला गुण द्यायचे तरी कसे? (२०२५ च्या सीझनआधीचा धागा)

पक्षीराज
नमस्कार मंडळी. इथं एनएफएल, म्हणजे अमेरिकन फूटबॉलची लीग, नेमानं बघणारे बरेच जण आहेत, आणि त्यातले निम्मे तरी फिलाडेल्फिया-न्यू जर्सीच्या पट्ट्यातले. म्हणून हा विषय इथंच काढतोय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाच्या ईगल्सनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असं लोळवलं आणि तेव्हापासून जो तो जनरल मॅनेजर हाऊई रोझमनचे गोडवे गातोय. २०२० च्या सीझननंतर याच माणसाला हाकला म्हणून फिलीत बोंब उठली होती. संघ ४-११-१ वर संपला होता, कोच डग पीडरसनला नारळ मिळाला, क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा) कार्सन वेंट्झ जायच्या वाटेवर होता. रोझमन मात्र खुर्चीत राहिला.

आता एप्रिल २०२० चा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या नव्या खेळाडूंची फेरीवार निवड, बघा. पहिल्या फेरीत २१ व्या क्रमांकावर यानं रिसीव्हर (पास झेलणारा) जेलन रेगर घेतला. लगेच २२ व्या क्रमांकावर मिनेसोटानं जस्टिन जेफरसन उचलला. दुसऱ्या दिवशी ५३ व्या क्रमांकावर यानं जेलन हर्ट्स घेतला, आणि खऱ्या शिव्या पडल्या त्या हर्ट्ससाठी! कारण २०१९ मध्येच वेंट्झशी चार वर्षांचा १२८ मिलियन डॉलरचा करार झाला होता. एवढे पैसे एका क्वार्टरबॅकला दिल्यावर दुसऱ्या फेरीत आणखी एक क्वार्टरबॅक कशाला, हा प्रश्न सगळ्यांच्याच तोंडी होता. तोच हर्ट्स २०२५ च्या सुपर बोलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

माझं मत: जनरल मॅनेजरला तीनच गोष्टींवर जोखावं. निर्णय घेताना त्याच्यापुढे काय माहिती होती, त्यानं मोजलेली किंमत वाजवी होती का, आणि निर्णय फसल्यावर तो किती लवकर त्यातून बाहेर पडला. ट्रॉफी आली की नाही हे त्यानंतर. या हिशेबानं रेगरची निवड त्या दिवशीच कच्ची होती. आणि हर्ट्स पुढे चालला नसता तरी ती निवड बरोबरच ठरली असती, कारण ज्या जागेवर सगळ्यात जास्त पैसा जातो तिथं दुसऱ्या फेरीच्या भावात पर्याय मिळत होता.

तुमचं काय म्हणणं? खुलेआम भांडा.

जर्सीवाली
पहिलं भांडण माझं. "चालला नसता तरी निवड बरोबर" हे मला अजिबात पटत नाही. हा धंदा निकालाचा आहे. त्याच्याकडे स्काउट आहेत, डॉक्टर आहेत, आकडेवारीची अख्खी टीम आहे. कुठला मुलगा चालेल हे ओळखण्याचाच त्याला पगार मिळतो. प्रक्रिया चांगली होती म्हणून गुण द्यायचे तर मग प्रत्येक जनरल मॅनेजर पास होईल, कारण आपली प्रक्रिया वाईट होती असं कोण सांगतो?

कोल्हापुरी_किक
फूटबॉल म्हणून आत आलो तर हा हातातला फूटबॉल निघाला. हरकत नाही, वाचतोय. पण एक समजावून सांगा: हा जनरल मॅनेजर म्हणजे नक्की कोण? आमच्याकडे तालमीचा संघ कार्यकर्ते ठरवतात. आणि ज्याच्याकडे पैसा जास्त त्यानं चांगले खेळाडू घ्यावेत, यात एवढं डोकं कशाला लागतं?

आकडेमोड
कोल्हापुरी_किक, प्रश्न मुळावरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनएफएलमध्ये ३२ संघ. मालक कितीही गर्भश्रीमंत असला तरी खेळाडूंवर खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२४ मध्ये ती २५५.४ मिलियन डॉलर होती, २०२५ मध्ये २७९.२. त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. कॉलेजातून येणारे नवे खेळाडू सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून घ्यायचे, आणि आदल्या वर्षी जो संघ वाईट खेळला त्याचा नंबर आधी. ड्राफ्टमधल्या मुलाचा पगार पहिली चार वर्षं जवळजवळ ठरलेला असतो, त्यामुळे चांगला निघाला तर अतिशय स्वस्तात पडतो. कोणाला घ्यायचं, कोणाला किती द्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोण आणायचा, हे सगळं जनरल मॅनेजरकडे. मैदानावर कसं खेळायचं ते कोचकडे.

आता रोझमनची खासियत. तो कधी खेळाडू किंवा स्काउट नव्हता. कायदा शिकून २००० साली ईगल्सकडे लागला, तेही कॅपचं काम बघायला. त्यामुळे करार लिहिण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. समजा एखाद्याला पाच वर्षांसाठी ४० मिलियनचा बोनस दिला. पैसे आजच खात्यात जातात, पण कॅपमध्ये ते पाच वर्षांत वाटून वर्षाला ८ असे धरले जातात. रोझमन काय करतो, चालू वर्षाचा मूळ पगार अगदी किमान ठेवतो, बाकीचं सगळं बोनसमध्ये टाकतो, आणि कराराला शेवटी नुसती कागदावरची वर्षं जोडतो, ज्यात खेळाडू खेळणारच नाही असं गृहीतच असतं. म्हणजे आजचा बोजा उद्यावर.

लोक याला उधारी म्हणतात, पण उद्याची कॅप मोठी असते हे विसरतात. २०२२ मध्ये ती २०८.२ होती, तीन वर्षांत ७१ मिलियननं वाढली. पगार वाढणार हे पक्कं माहीत असेल तर घराचं कर्ज लवकर काढणारा माणूस शहाणा ठरतो, तसंच हे. धोका एकच, खेळाडू मध्येच बिघडला तर राहिलेला सगळा हिशेब एकदम अंगावर येतो. त्याला डेड मनी म्हणतात. २०२१ मध्ये वेंट्झला इंडियानापोलिसला पाठवलं तेव्हा जवळपास ३३.८ मिलियन असे अंगावर आले. एका खेळाडूपायी एवढा डेड मनी तोपर्यंत कोणत्याच संघानं सोसला नव्हता.

कोल्हापुरी_किक
वा, आता कळलं. म्हणजे आयपीएलच्या पर्ससारखं, पण पुढच्या वर्षाची पर्स आज वापरायची सोय असलेलं. आयपीएलमध्ये २०२५ ला १२० कोटीतले २७ कोटी ऋषभ पंतवर गेले की गेले, उरलेल्यांतच बाकीचा संघ.

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की तालमी बाहेरचे खेळाडू आणतात, परदेशीही येतात. मग पेठेत हीच चर्चा: अमक्यावर एवढे घालवले आणि फायनलला त्याला बॉलच मिळाला नाही. पण तिथं निर्णय घेणारा माणूस संध्याकाळी चौकातच भेटतो, त्याला समोरासमोर विचारता येतं. तुमच्या रोझमनला कोण विचारतो?

जर्सीवाली
फिलीत सगळेच विचारतात! रेडिओवर फोन करून विचारतात. 🙂

जांभळा_पंखा
जेफरसनचं नाव निघालं म्हणजे मिनियापोलिसहून मला यावंच लागतं. पहिल्याच वर्षी पास झेलून १,४०० यार्ड, २०२२ मध्ये लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये रेगरही ट्रेड होऊन, म्हणजे अदलाबदलीत, आमच्याकडेच आला. २१ वा आणि २२ वा दोघेही एकाच लॉकर रूममध्ये.

पक्षीराज, रेगरची निवड "त्या दिवशीच कच्ची" का ते मात्र तुम्ही लिहिलं नाही. मी लिहितो. जेफरसन एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) अजिंक्य संघात खेळला होता, २०१९ च्या सीझनमध्ये त्याचे १११ कॅच होते. त्याच्यावर आक्षेप एवढाच होता की तो बहुतेक वेळा आतल्या बाजूनं, स्लॉटमधून खेळला, तर बाहेरून जमेल का. ईगल्सना वेगवान, लांब पल्ल्याचा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी रेगर घेतला. म्हणजे आधी भूमिका ठरवली आणि मग त्या भूमिकेत बसणारा माणूस शोधला. समोर जास्त चांगला फूटबॉलपटू बसलेला असताना. माझ्या मते चूक तिथं आहे, आणि ती पद्धतीची चूक आहे, नशिबाची नाही.

आदल्या वर्षीही तेच. २०१९ मध्ये ५७ व्या क्रमांकावर त्यांनी जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला, आणि डीके मेटकाफ ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरून सिएटलला मिळाला. एकदा झालं तर योगायोग म्हणू. सलग दोन वर्षं एकाच जागेसाठी तेच झालं तर रिसीव्हर बघायच्या पद्धतीतच खोट होती.

पक्षीराज
जांभळा_पंखा, हे नेमकं. मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही ते जास्त नीट मांडलंत. आणि माझ्या तिसऱ्या कसोटीला इथंच सुरुवात होते. २०२१ मध्ये त्यानं डेव्होंटा स्मिथ घेतला, कॉलेजात हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) जिंकलेला, सगळ्यांना दिसणारा गुणी खेळाडू. वजन फार कमी म्हणून लोक बिचकत होते, हा बिचकला नाही. २०२२ मध्ये तर रिसीव्हर घडवायची वाटच पाहिली नाही, सिद्ध झालेला एजे ब्राउन टेनेसीकडून थेट आणला. १८ वा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क), तिसऱ्या फेरीतला एक पिक आणि ब्राउनला १०० मिलियनचा नवा करार. त्या १८ व्या पिकवर टेनेसीनं ट्रेलॉन बर्क्स घेतला. ४ डिसेंबर २०२२ ला ईगल्सनी टेनेसीला ३५-१० हरवलं, ब्राउनचे दोन टचडाउन. दोनच दिवसांत टेनेसीच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

डल्लासकर
तुमच्याकडे निदान नोकरी जाते तरी. आमच्याकडे मालक आणि जनरल मॅनेजर एकच, जेरी जोन्स, १९८९ पासून. शेवटची सुपर बोल जानेवारी १९९६ ची. माझी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली, पण तिनं आमच्या डल्लास काउबॉइजना सुपर बोलमध्ये कधी पाहिलेलंच नाही.

तरी एक गोष्ट काउबॉइजच्या बाजूनं नोंदवतो. ज्या ट्रेडमधून स्मिथ तुम्हाला मिळाला तो आमच्याशीच झाला. २०२१ मध्ये आम्ही १० व्या क्रमांकावर, तुम्ही १२ व्या. मध्ये ११ वर न्यूयॉर्कचे जायंट्स, त्यांनाही स्मिथ हवा असल्याची बोलवा. तुम्ही आम्हाला तिसऱ्या फेरीतला पिक देऊन दोन जागा वर आलात. एकाच विभागातले कट्टर वैरी एकमेकांशी असा सौदा क्वचित करतात. मग आम्ही १२ वर कोण घेतला? बचावातला स्टार मायका पार्सन्स. आता सांगा, हा ट्रेड कोण जिंकलं?

ओसरी
दोघंही. जायंट्स हरले.

निळा_जायंट
ओसरी, खरं आहे ते. आम्ही ११ वरून २० वर उतरलो आणि कडेरियस टोनी घेतला.

ओसरी
मी १९९० च्या दशकापासून पेनसिल्व्हेनियात आहे. जेफ्री लुरीनं १९९४ मध्ये संघ घेतला तेव्हापासून बघतोय, म्हणून थोडं मागचं सांगतो. रोझमनला जोखायचं तर २०२० पासून सुरुवात करून भागणार नाही.

२०१० मध्ये तो जनरल मॅनेजर झाला, अवघ्या पस्तिशीत. त्या वर्षी १३ व्या क्रमांकावर ब्रँडन ग्रॅहम घेतला. १४ व्या क्रमांकावर सिएटलनं अर्ल थॉमस घेतला, जो त्यांच्या अजिंक्य संघाचा कणा झाला. ग्रॅहमचा गुडघा गेला, आणि कितीतरी वर्षं फिलीत त्याला वाया गेलेला पिक म्हणायचे. २०११ मध्ये पहिल्या फेरीत डॅनी वॉटकिन्स. तो आधी अग्निशमन दलात काम करायचा, ड्राफ्टच्या वेळीच २६ वर्षांचा होता, दोन वर्षांत बाहेर. त्याच २०११ मध्ये सहाव्या फेरीत १९१ व्या क्रमांकावर जेसन केल्सी, जो तेरा सीझन खेळून निवृत्त झाला.

२०१५ मध्ये लुरीनं खेळाडू निवडायचे सगळे अधिकार कोच चिप केलीला दिले आणि रोझमनला बाजूला केलं. केलीनं मॅकॉय दिला, फोल्स दिला, डीमार्को मरे आणला. वर्ष संपायच्या आत केलीलाच घालवलं. रोझमन परत आला आणि २०१६ च्या वसंतात त्यानं जे केलं ते मला त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत सगळ्यात भावतं. केलीनं जमवलेले महागडे करार एकेक करून दुसऱ्यांच्या गळ्यात घातले. मॅक्सवेल आणि अलोन्सो मायामीला देऊन १३ वरून ८ वर गेला, मरे टेनेसीला. मग ८ वरून क्लीव्हलँडशी सौदा करून २ वर, आणि वेंट्झ. ऑगस्टअखेर मिनेसोटाचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला तेव्हा सप्टेंबरमध्ये आपला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड त्यांना देऊन पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक घेतला. तोच पिक म्हणजे डेरेक बार्नेट.

आता फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमधली ती एकच चाल आठवा. ईगल्स ३८-३३ नं पुढे, शेवटची दोन-सव्वादोन मिनिटं उरलेली, बॉल न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातात. सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार. ग्रॅहम आतल्या बाजूनं घुसतो, त्याचा हात ब्रेडीच्या हाताला लागतो, बॉल सुटतो, जमिनीवर टप्पा घेतो आणि थेट बार्नेटच्या हातात. वाया गेलेल्या पिकनं बॉल पाडला आणि ब्रॅडफर्डच्या बदल्यात आलेल्या पिकनं तो उचलला. मग ४१-३३. मी घरात एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारी विचारायला आले.

म्हणून जर्सीवाली, तुमचा निकाल तरी कोणत्या वर्षीचा धरायचा? ग्रॅहमचा निकाल २०१३ मध्ये लावला असता तर नापास.

जर्सीवाली
ओसरीकाका, चाल आठवून पुन्हा काटा आला. पण तुमच्या उदाहरणानं माझाच मुद्दा पक्का होतो. निकाल उशिरा लागतो हे मान्य, म्हणून निकाल लावूच नये असं कुठं म्हटलंय?

आणि एक अडचण आहे ती कोणीच घेतली नाही. २०१० ते १२ मध्ये अंतिम शब्द कोच अँडी रीडचा होता. मग वॉटकिन्सचं खापर कोणाच्या माथी आणि केल्सीचं श्रेय कोणाला? पुढे ईगल्सकडे जेफ स्टाउटलंडसारखा लाइनचा, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीचा, कोच आला. २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ व्या क्रमांकावर जॉर्डन मायलाटा घेतला. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा मुलगा, अमेरिकन फूटबॉलचा एकही सामना न खेळलेला. आज तो लीगमधल्या उत्तम लेफ्ट टॅकल (फळीच्या डाव्या टोकाचा खेळाडू) यांपैकी आहे. त्याला उभं राहण्यापासून शिकवलं ते स्टाउटलंडनं. हे श्रेय तुम्ही रोझमनच्या खात्यात टाकता का?

आकडेमोड
टाकतो, थोडं तरी. सातव्या फेरीत बहुतेक संघ कॉलेजात बाकावर बसलेला एखादा मुलगा घेतात, जो ऑगस्टमध्ये घरी जातो. तिथं एवढ्या मोठ्या अंगाचा, एवढा चपळ माणूस घेणं, आणि आपल्याकडे असल्याला घडवणारा कोच आहे हे ओळखून घेणं, हीच संघबांधणी. कोच कोण आहे हे बघून खेळाडू निवडणं हे जनरल मॅनेजरचंच काम आहे.

झॅक बॉनचंही तेच. न्यू ऑर्लिन्समध्ये तो मुख्यतः स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत) खेळायचा. २०२४ मध्ये एका वर्षासाठी ३.५ मिलियनमध्ये आणला. बचावाचा कोच विक फँजिओनं त्याला आतल्या लाइनबॅकरच्या (बचावाच्या पुढच्या फळीमागं उभा राहणारा) जागेवर टाकलं आणि तो लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या ऑल-प्रो संघात गेला. डोळा फँजिओचा, पण स्वस्तात असे पाच-सहा प्रयोग करून ठेवायची सवय रोझमनची.

मीनल_एक्स्टन
श्रेयावरून आठवलं. २०२१ च्या ड्राफ्टमधली ती मुठी आपटण्याची क्लिप कोणाला आठवते? तिसऱ्या फेरीत रोझमन ७० वरून ७३ वर खाली सरकला, मध्येच डिट्रॉइटनं ७२ वर ॲलिम मॅकनील उचलला, आणि यांनी मिल्टन विल्यम्स घेतला. रोझमन खोलीभर फिरून एकेकाच्या मुठीला मूठ लावतोय. जुने सल्लागार टॉम डोनाहो यांच्यापाशी येतो, तर ते मूठ पुढे करतात पण चेहरा दुसरीकडे. नंतर रोझमन त्यांच्याशी काहीतरी बोलतो. त्यांना मॅकनील हवा होता असंच सगळे मानतात. फिलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता, घरातलं भांडण टीव्हीवर दिसलं म्हणून.

मग २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्याच विल्यम्सचे दोन सॅक (पास फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं), आणि कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याच्या हातातला बॉल पाडून स्वतःच उचलला. पण मॅकनीलही डिट्रॉइटमध्ये उत्तम खेळतोय! म्हणजे डोनाहोही चूक नव्हते. तीन जागा खाली सरकताना मिळालेला जादा पिक आणि विल्यम्स, विरुद्ध मॅकनील. मला तरी हा सौदा बरोबरीचाच वाटतो, आणि ट्रॉफी आली म्हणून डोनाहोंना वेड्यात काढणं अन्यायाचं वाटतं.

आकडेमोड
मीनल, अगदी. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या दोन अभ्यासकांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता. त्यात असं दिसलं की एखाद्या जागेसाठी आधी घेतलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या निवडीपेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जेमतेम जास्त असते. म्हणजे "मला माणूस ओळखता येतो" हा सगळ्यांचाच भ्रम. मग शहाणपण कशात? जास्त वेळा नाणं उडवण्यात. जास्त पिक जमवा, खाली सरका, पुढच्या वर्षीचा चढा पिक घ्या. रोझमन वर्षानुवर्षं हेच करतो.

सॅन फ्रान्सिस्को बघा. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी पुढचे दोन पहिल्या फेरीचे पिक देऊन तिसऱ्या क्रमांकावर गेले, तो फसला. २०२२ मध्ये ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी घेतला, तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. त्यांच्या जनरल मॅनेजरला हुशार म्हणायचं की नशीबवान?

जांभळा_पंखा
आकडेमोड, पण मग रेगरलाही नाणेफेक म्हणून माफ करावं लागेल. तुमच्याच तर्कानं.

आकडेमोड
एका रेगरला माफ. सलग दोन वर्षांच्या त्याच खोटीला नाही. नाणं एकाच बाजूला पडत असेल तर नाणं तपासायला हवं, आणि त्यानं ते तपासलं, हे पक्षीराजांनी वर लिहिलंच आहे.

चंद्रकोर
सगळे पिक आणि मिलियनचं बोलताय, मला एक वेगळं विचारायचंय. २०२३ मध्ये जेलन कार्टर ९ व्या क्रमांकापर्यंत घसरला तो खेळामुळे नव्हे. जानेवारीत जॉर्जियात झालेल्या मोटार अपघातात त्याच्या कॉलेज संघातला एक खेळाडू आणि एक कर्मचारी, असे दोघं गेले. कार्टर दुसऱ्या गाडीत होता. बेदरकारपणे गाडी चालवणं आणि शर्यत लावणं या आरोपांना त्यानं आव्हान दिलं नाही. काही संघांनी त्याचं नावच यादीतून काढल्याची चर्चा होती. ईगल्स उलट १० वरून ९ वर चढले आणि त्याला घेतलं.

खेळाडू म्हणून तो असामान्य आहे. पण "बाजारात भाव पडला म्हणून स्वस्तात मिळाला" असं कौतुक मी जेव्हा ऐकते तेव्हा घशाशी येतं. भाव कशामुळे पडला? दोन घरांतली माणसं गेली म्हणून. त्याला संधी मिळू नये असं मी म्हणत नाही, तो एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. पण या निवडीला हुशारीचे गुण देऊ नका.

मीनल_एक्स्टन
चंद्रकोर, पटलं. त्याला जॉर्जियातले जुने सोबती असलेल्या संघात आणलं, जॉर्डन डेव्हिस, नकोबी डीन आधीपासून तिथं होते, हे मला त्यातल्या त्यात जबाबदारीचं वाटतं. मुलाला एकटं टाकलं नाही. तरी गुणांच्या यादीत मीही ते नाव घालणार नाही.

निळा_जायंट
रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) सेक्वॉन बार्कलीवर अजून कोणी काहीच बोललेलं नाही, मग मीच बोलतो. २०१८ मध्ये आम्ही त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतला, सहा वर्षं वाईट लाइनच्या मागं पळवला, आणि २०२४ मध्ये सोडला. आमच्या ऑफिसातली ती सगळी चर्चा टीव्ही मालिकेत दिसली. तो फिलीला गेला तर मला झोप लागणार नाही अशा अर्थाचं मालक जॉन मारा बोलताना दिसतात. तो फिलीलाच गेला, तीन वर्षं, ३७.७५ मिलियन. पहिल्याच सीझनला २,००५ यार्ड.

मला आजही वाटतं की जायंट्सचा निर्णय जायंट्ससाठी बरोबर होता. जिथं लाइन नाही, क्वार्टरबॅक नाही, तिथं सत्तावीस वर्षांच्या रनिंग बॅकला एवढे पैसे देऊन सात सामने हरायचे ते नऊ हरायचे, एवढाच फरक. तुमच्याकडे मायलाटा, डिकरसन, जर्गन्स, बेक्टन, लेन जॉन्सन अशी भिंत उभी होती. तोच खेळाडू तुमच्याकडे सोन्याचा झाला. दोन्ही जनरल मॅनेजर एकाच वेळी बरोबर असू शकतात.

डल्लासकर
"सात हरायचे ते नऊ" उलट झालं का? 🙂

निळा_जायंट
हो, नऊ हरायचे ते सात. जायंट्सच्या बाबतीत आकडे कुठल्याही बाजूनं वाचा, दुखतंच.

ओसरी
निळा_जायंट यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. रोझमननं आयुष्यभर रनिंग बॅक, लाइनबॅकर, सेफ्टी यांवर पैसे वाचवले आणि दोन्ही लाइनवर ओतले. पहिल्या फेरीत फळीमागं उभा राहणारा (ऑफ-बॉल) लाइनबॅकर तर ईगल्सनी १९७९ च्या जेरी रॉबिन्सननंतर घेतलाच नव्हता. सेक्वॉनच्या वेळी त्यानं स्वतःचाच नियम मोडला, पण तो मोडण्यासाठी आधी लाइन बांधून ठेवली होती. महोम्सला त्या रात्री सहा सॅक झाले, तेही एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं न धाडता. चार माणसांनी. लाइनवर पैसे ओतले म्हणजे काय मिळतं ते तिथं दिसलं.

कोल्हापुरी_किक
मी आता सुपर बोलचे हायलाइट्स बघितले. तो बॉल पकडून उलटा पळत टचडाउन करणारा गोरा पोरगा कोण?

मीनल_एक्स्टन
कूपर डीजीन. २०२४ च्या दुसऱ्या फेरीतला, ४० वा. त्या दिवशी त्याचा २२ वा वाढदिवस होता! त्याच ड्राफ्टमध्ये २२ व्या क्रमांकावर क्विन्यॉन मिचेल. २०२३ ला १०-१ वरून संघ कोसळला तो मुख्यतः पास अडवता येईना म्हणून, आणि पुढच्याच ड्राफ्टमध्ये पहिले दोन्ही पिक कॉर्नरबॅकवर, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्यांवर. तिसरी कसोटी: चुकीतून लवकर बाहेर. पक्षीराज, नोंद घ्या.

जर्सीवाली
मीनल, ही बाजू मात्र मला मान्य करावी लागते. निकालाचा माझा आग्रह सोडत नाही, पण "किती लवकर सावरला" हाही एक निकालच आहे, तो मोजता येतो. वेंट्झ २०१९ मध्ये करार, २०२१ मध्ये बाहेर, आणि बदल्यात आलेला एक पिक पुढे पहिल्या फेरीचा झाला. तुलनेला क्लीव्हलँड घ्या. २०२२ मध्ये क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीचे पिक आणि २३० मिलियनची संपूर्ण हमी. सावरायचं म्हटलं तरी सावरता येत नाही अशी कोंडी त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःभोवती करून घेतली.

पक्षीराज
जर्सीवाली, मग आपण फार लांब नाही. चुकल्यावर बाहेर पडायला दार आहे का, हे करार करतानाच ठरतं. वेंट्झच्या वेळी दार महाग होतं, पण होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊन एक सुचवतो. निकाल लागल्यावर गुण देणं सगळ्यांनाच जमतं, तेव्हा आज देऊ या. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ईगल्स ३२ वरून ३१ वर चढले, पाचव्या फेरीचा पिक कॅन्सस सिटीला दिला, आणि अलाबामाचा लाइनबॅकर जिहाद कॅम्पबेल घेतला. खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. काकांनी सांगितलेला १९७९ पासूनचा नियम इथंही मोडला. दुसरीकडे मिल्टन विल्यम्स न्यू इंग्लंडला गेला, जॉश स्वेट ॲरिझोनाला, त्यांच्या बदल्यात २०२६ चे भरपाईचे पिक (खेळाडू गमावल्याबद्दल लीग देते ते) येतील. आज, एकही सामना व्हायच्या आधी, १० पैकी गुण लिहा आणि कारण लिहा.

माझे ७. वर चढायची किंमत अगदी किरकोळ, आणि बाहेरूनही पास रश करू शकणारा (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) लाइनबॅकर म्हणजे एका पिकमध्ये दोन जागा.

आकडेमोड
६. खांदा. आणि बॉनला नुकताच नवा करार दिलाय, त्यामुळे त्याच जागेवर दुहेरी खर्च.

ओसरी
८. पहिल्या फेरीत शेवटून दुसऱ्या क्रमांकावर, पहिल्या पंधरात जाऊ शकला असता असा खेळाडू.

जांभळा_पंखा
८. मुख्य म्हणजे या वेळी भूमिका आधी ठरवली नाही, समोरचा सगळ्यात चांगला फूटबॉलपटू घेतला.

डल्लासकर
०. ईगल्स आहेत म्हणून. (बरं, ७.)

जर्सीवाली
५, आणि सीझन संपल्यावर मी हा धागा वर काढणार आहे. भरपाईच्या पिकांवर दोन भावी स्टार सोडणं मला महाग पडलेलं दिसतंय. विल्यम्ससारखा आतून घुसणारा माणूस तिसऱ्या फेरीच्या शेवटी पुन्हा मिळेल याची खात्री कोण देतं? त्यावर कोणीतरी लिहा.